लग्नाच्या आदल्या रात्रीचे प्रकरण

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीतले लग्नाच्या आदल्या रात्रीचे प्रकरण वाचले. १८१६ सालचे इंग्लंड, खेड्यातल्या एका बेताच्या जमीनदाराचे घर आणि उद्या लग्न असलेली एकोणीस वर्षांची थोरली मुलगी, ही निवड मला मनापासून आवडली. मात्र आई मुलीला कुशीत घेऊन हुंदके देते आणि वडील दाराआड डोळे पुसतात, तेव्हा ती आपल्याकडची पाठवणी होते. त्या घरातही माया तेवढीच होती, पण ती बोलण्यातून कमी आणि कामातून व कागदांतून जास्त व्यक्त होत असे. तिथे ती शोधावीस, असे मला वाटते.

वडिलांपासून सुरुवात कर. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न होताच स्त्रीची रोकड आणि चीजवस्तू नवऱ्याच्या मालकीची होत असे. लग्नानंतर तिला स्वतःच्या नावावर स्वतंत्रपणे फारसे काही ठेवता येत नसे. म्हणून ऐपत असलेला बाप लग्नाआधी वकिलाकडून करारनामा करून घेई. मुलीला दरवर्षी हातखर्चाला किती मिळावे, नवरा आधी गेला तर तिला किती उत्पन्न असावे, मुलांच्या वाट्याला काय यावे, हे सारे त्यात लिहिलेले असे. वैधव्यातली ती रक्कम थोडी वाढवून मिळावी म्हणून जावयाच्या वकिलाशी आठवडेच्या आठवडे घासाघीस करणारा, पण घरी त्याविषयी चकार शब्द न काढणारा बाप तू उभा केलास, तर त्याला डोळे पुसायला लावण्याची गरजच उरणार नाही. रात्री तो मुलीला जवळ बसवून त्या कागदातले एकच कलम समजावून सांगतो, एवढे पुरे आहे.

आईच्या हाती सुई दे. मुलीबरोबर जाणाऱ्या कपड्यांवर आद्याक्षरे आणि क्रमांक बारीक फुल्यांच्या टाक्यांनी काढलेले असत, म्हणजे धुलाईत कपड्यांची अदलाबदल होत नसे. शेवटच्या सदऱ्यावर आडनावाचे अक्षर काढायची वेळ येते तेव्हा आई जुने काढावे की नवे, म्हणून थबकते आणि मुलगी तिच्या हातातला सदरा घेऊन ते अक्षर स्वतः काढते. या जागी संवाद अजिबात घालू नकोस. आईच्या मनातली भीती वाचकाला कळेलच, कारण बाळंतपण हा त्या काळी श्रीमंतांच्या घरीही जिवावरचा प्रसंग होता. त्याच वर्षी २ मे रोजी रुपेरी जरीच्या पोशाखात लग्न झालेली राजकन्या शार्लट १८१७ च्या नोव्हेंबरात मृत बाळाला जन्म देऊन काही तासांतच गेली.

धाकट्या बहिणीला तू नुसते रडवले आहेस, ते मला पटले नाही. नववधूच्या लग्नानंतरच्या प्रवासात तिची बहीण किंवा मैत्रीण सोबत जाण्याची पद्धत त्या काळी होती, त्यामुळे बहिणीला बरोबर नेण्याचा हट्ट थोरलीलाच करू दे. पत्रांचाही उपयोग कर. टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे आणि दुसरा कागद जोडला की तो दुप्पट होई, म्हणून लोक एकाच पानावर आधी आडवे आणि मग त्यावरूनच उभे लिहीत. "दोन कागद लिहिलेस तरी चालेल," हे काटकसरी वडिलांचे वाक्य त्या घरात फार मोठे ठरेल.

पोशाखाचे वर्णन निम्म्यावर आण. लग्न सकाळी आठ ते बारा या वेळेतच चर्चमध्ये लावावे लागे आणि मेजवानी त्यानंतर होई, तेव्हा तुझे संध्याकाळचे लग्न सकाळी घ्यावे लागेल. मुलगी २१ वर्षांखालची असल्यामुळे परवान्यासाठी वडिलांची संमतीही लागेल. ती त्यांनी कधी आणि कशी दिली, हे आधीच्या प्रकरणात येऊ दे.

नवा खर्डा करशील तेव्हा करारनाम्याचा प्रसंग आधी लिही आणि तेवढाच मला पाठव.

तुझी,
मावशी