मुलाचा स्टिरॉइडचा पंप बंद करावा का?

ताई, उंची खुंटेल या भीतीने आठ वर्षांच्या लेकाचा दम्यासाठीचा बुडेसोनाइडचा (श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडचा) पंप बंद करायचं म्हणताय, पण कृपा करून स्वतःहून करू नका. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये (मिलिग्रॅमचा हजारावा भाग) असतो, स्टिरॉइडच्या गोळीतला मिलिग्रॅममध्ये, म्हणजे पंपातून औषध खूपच कमी जातं. उंचीवर थोडा परिणाम होतो हे खरं, पण साधारण १ सेंटीमीटरपर्यंत, तोही मुख्यतः पहिल्या वर्षात. दमा आटोक्यात नसला तर झोप, शाळा, वाढ सगळंच बिघडतं, आणि मोठा अटॅक जिवावर बेततो. तोंडात पांढरे चट्टे येऊ नयेत म्हणून स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरा, नंतर खळखळून चूळ भरायला लावा. नाशिकच्या जानेवारीच्या थंडीत तर पंप बंद करूच नका. साधारण तीन महिने त्रास नसला, की डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. उंचीही दर भेटीत मोजून घ्या.