हेम्प प्रक्रियेच्या कारखान्याला राज्याचा परवाना पुरतो, की काउंटीची झोनिंग मंजुरीही लागते?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत शेती झोनमधलं (शेतीसाठी राखलेल्या भागातलं) एक जुनं गोदाम भाड्यानं मिळतंय. तिथे हेम्पचे (नशा न आणणाऱ्या भांगेच्या जातीचे) तंतू वेगळे करायचे आणि पुढे इथेनॉल (अल्कोहोल) वापरून सीबीडी तेलही (हेम्पमधल्या नशा न आणणाऱ्या सीबीडी या घटकाचं तेल) काढायचं. राज्याचा प्रक्रिया परवाना हातात आहे, तर काम सुरू करता येईल का? नाही येणार. आणि भाडेकरारावर सही झाली नसेल तर जरा थांबा.

कारखान्यांच्या अग्निसुरक्षेचे आराखडे तपासणं हे माझं रोजचं काम. हेम्पवाल्यांचा नेहमीचा समज असा की 2018 च्या फार्म बिलानं (केंद्राच्या शेती कायद्यानं) सगळं मोकळं झालं. त्या कायद्यानं 0.3 टक्क्यांपर्यंत टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेलं हेम्प अमली पदार्थांच्या यादीतून काढलं. कारखाना कुठे बसवायचा हे मात्र आजही काउंटी (जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) किंवा शहरच झोनिंगनं, म्हणजे कुठल्या जागेत काय चालेल याच्या नियमांनी, ठरवतं. केंद्रीय कृषी खात्याचे हेम्पचे नियमसुद्धा लागवडीपुरते आहेत, प्रक्रियेला ते हात लावत नाहीत.

झोनिंग कार्यालयात पहिला प्रश्न येतो, आत नेमकं काय करणार? देठ सोलून तंतू काढणं किंवा बियांचं तेल घाण्यावर काढणं बऱ्याच ठिकाणी शेतमाल प्रक्रियेत खपून जातं. सॉल्व्हंट (तेल विरघळवून काढणारं इथेनॉलसारखं द्रव्य) आलं की तेच काम सहसा औद्योगिक ठरतं. मग शेती झोनमध्ये कंडिशनल यूज परमिट (अटींसह खास परवानगी) लागतं, नाहीतर सरळ नकार. परमिटसाठी शेजाऱ्यांना नोटिसा जातात, जाहीर सुनावणी होते आणि लोक वास, ट्रक, सांडपाणी यावर बोलतात. वाळत्या हेम्पचा वास खरोखरच उग्र असतो, त्यामुळे त्यांची तक्रार उडवून लावू नका. कार्बन फिल्टरचा आराखडा घेऊनच सुनावणीला जा. ‘राइट टू फार्म’ कायद्यावरही विसंबू नका. तो शेतीच्या संरक्षणासाठी आहे, कारखान्याला लागू होईलच असं नाही. आणि काउंटरवरच्या माणसाचं तोंडी ‘चालेल’ कामाचं नाही. निर्णय लेखी घ्या, त्यात प्रक्रियेचं आणि सॉल्व्हंटचं नाव असू द्या.

आता इथेनॉल. त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते) साधारण 13 अंश सेल्सिअस आहे, म्हणजे नेहमीच्या खोलीत उघड्या ड्रमच्या तोंडाशी ठिणगीची वाट पाहणारी वाफ कायम असते. इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये (अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या बांधकाम नियमावलीत) अशा द्रवाची साठ्याची मूळ मर्यादा एका कंट्रोल एरियाला (इमारतीत साठ्यासाठी वेगळ्या मोजल्या जाणाऱ्या भागाला) 120 गॅलन आहे. ड्रम 55 गॅलनचा असतो. दोन भरलेले ड्रम झाले 110 गॅलन. तिसरा आत आणलात की स्प्रिंकलर नसलेल्या इमारतीचा वर्गच एफ-1 (साधा कारखाना) वरून एच (धोकादायक) होतो. पूर्ण इमारतीला स्प्रिंकलर असतील तर मर्यादा दुप्पट होते, पण उघड्या भांड्यातल्या वापराची मूळ मर्यादा जेमतेम 30 गॅलन आहे. यंत्रात फिरणारं इथेनॉलही या हिशेबात येतं. एच वर्गाच्या अटी जुन्या गोदामात बसवायच्या म्हणजे कित्येकदा भिंती आणि वायुवीजन नव्यानं करणं आलं. कोडची कोणती आवृत्ती लागू आहे ते काउंटीगणिक बदलतं, तेवढं आधी विचारा.

इथेनॉलऐवजी ब्युटेन-प्रोपेन वायूंनी तेल काढायचा विचार असेल तर माझा सल्ला आहे, या गोदामात नकोच. हे वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतात. प्रोपेन हवेत 2.1 टक्के झाला तरी पेटतो. म्हणून फायर कोडमध्ये गॅस डिटेक्टर त्या पातळीच्या फार आधीच वाजावा लागतो.

तंतूंचं काम मात्र लोक निर्धोक समजतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. डिकॉर्टिकेटरमधून (देठ सोलायच्या यंत्रातून) देठाच्या गाभ्याची बारीक धूळ उडते आणि तुळयांवर, दिव्यांच्या शेडवर, केबलच्या ट्रेवर बसते. धुळीचा थर 1/32 इंच, म्हणजे जेमतेम 0.8 मिलिमीटर झाला की तपासणीत धोक्याची खूण धरतात. 2008 साली जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात पहिल्या स्फोटानं साठलेली धूळ हवेत उसळली, ती पेटत गेली आणि 14 माणसं गेली. हेम्पची धूळही पेटणारीच आहे. डस्ट कलेक्टर शक्यतो इमारतीबाहेर ठेवा, त्याला स्फोटाचा दाब बाहेर सोडणारं व्हेंट द्या. गठ्ठ्यांतून येणारे तारेचे तुकडे आणि खिळे पकडायला यंत्राआधी चुंबक बसवा. साफसफाईला कॉम्प्रेस्ड एअर वापरू नका, बसलेली धूळ त्यानं पुन्हा हवेत जाते. ओलसर गठ्ठे आतून तापून आपोआप पेटू शकतात, तेव्हा थप्पी लावण्याआधी ओलावा मोजा. हीच धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर कापूस गिरणीतल्या कामगारांसारखा बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. त्यामुळे मास्क आणि एक्झॉस्टवर काटकसर करू नका, ती कामगारांच्या फुप्फुसांतून वसूल होते.

पुढची पायरी म्हणजे फायर मार्शलबरोबरची (स्थानिक अग्निसुरक्षा अधिकाऱ्याबरोबरची) अर्जाआधीची बैठक. यंत्र घेण्याआधी ती करा. तिथे गोदामाचा नकाशा, सॉल्व्हंटची यादी, प्रत्येकाचे गॅलन आणि यंत्राची कागदपत्रं मांडा. तेल काढायचं यंत्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून लिस्टेड (तपासून सुरक्षित ठरवलेलं) असावं लागतं, नसेल तर नोंदणीकृत इंजिनिअरचा तांत्रिक अहवाल द्यावा लागतो. सेकंडहँड यंत्रं नेमकी इथेच अडकतात, म्हणून विकणाऱ्याला पैसे देण्याआधी यंत्रावरच्या नेमप्लेटचा फोटो मागवा आणि तो मार्शलला दाखवा.