तैलरंगात जुन्या भांड्यावरचा गंज खरा वाटत नाही, कोणते रंग वापरू?

गंज नुसता तपकिरी डाग वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. लागणारे रंग तुमच्याकडे असतीलच: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), रॉ अंबर (गडद तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि गडद जागांसाठी सिएनात मिसळलेला अल्ट्रामरीन निळा. पहिल्या तिन्हींना रंग येतो तो मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि गंजही तोच. त्यामुळे रंगात चुकायला फारसा वाव नाही. माणसं चुकतात ती डागाच्या जागेत.

यावरून माझं आमच्या सरांशी चांगलंच वाजलं होतं. मी एनॅमलची पांढरी किटली रंगवत होते. टवके उडाले होते तोटीच्या टोकाला, झाकणाच्या कडेला आणि बुडाशी, म्हणजे जिथे ती रोज आपटायची तिथेच. पोट स्वच्छ होतं. सर आले, म्हणाले जुनेपणा दिसत नाही, आणि टूथब्रशने सिएनाचे शिंतोडे थेट पोटावर उडवले. मी टर्पेंटाइनची चिंधी घेऊन त्यांच्यादेखत ते पुसले. "वस्तुचित्र म्हणजे हात बसवायचा सराव, त्यात एवढं काय?" हे त्यांचं वाक्य मला अजून सलतं. फ्रेंच चित्रकार शार्दाँला १७२८ साली फ्रान्सच्या राजेशाही अकादमीत प्रवेश मिळाला तो वस्तुचित्रांच्याच जोरावर. व्हॅन गॉगने १८८६ मध्ये झिजलेले बूट रंगवले, ते काय हात बसवायला?

शिंतोडे सगळीकडे सारखे पडतात, झीज कधीच सारखी नसते. आधी वस्तू नवी असल्यासारखी रंगवा, गोलाई आणि उजेड नीट येऊ द्या. मग एकेक टवका. टवका म्हणजे उथळ खड्डा: उजेड डावीकडून असेल तर त्याची डावी कड अंधारात जाते आणि उजव्या कडेवर एनॅमलच्या जाडीची बारीक उजळ रेघ येते. ही रेघ नसली की डाग वरून चिकटवल्यासारखा दिसतो. टवक्याखाली पाण्याबरोबर ओघळलेला गंज मात्र पातळ ग्लेझने, म्हणजे तेलात पातळ केलेल्या पारदर्शक रंगाच्या थराने द्या.

ग्लेझ खालचा थर वाळल्यावरच, आणि वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर पुढे तडे जातात. दगडाचा किंवा सिमेंटचा पोत शिंतोड्यांनी चांगला येतो, हे मान्य. पण हाताळून झिजलेल्या वस्तूवर टूथब्रश चालवू नका, आणि दुसरं कोणी तुमच्या कॅनव्हासवर चालवायला लागलं तर सरळ हात धरा.