नव्या फ्रिजबरोबर आलेल्या थर्माकोलचं आणि फोमचं घरी काय करायचं?

तुमचा प्रश्न असा: बेळगावात अनगोळला भाड्यानं राहता, फ्रिज आणि टीव्ही एकदमच घेतले, थर्माकोल आणि पांढऱ्या फोमचा ढीग गच्चीवर पडलाय, भंगारवाला हात लावत नाही. कुंड्यांत घालू, काही बनवू, की जाळून टाकू?

शेवटचं आधी सांगतो. जाळू नका. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला सव्वीस वर्षं काढली. मूळ काम लाकडी पॅटर्नचं, म्हणजे ओतायच्या वस्तूच्या नमुन्याचं. पण एखादाच नग ओतायचा असला की लाकूड परवडत नाही, मग थर्माकोलचा पॅटर्न करतात. तो वाळूत तसाच पुरायचा आणि वरून लोखंडाचा रस ओतायचा. रस चौदाशे अंशांच्या आसपास असतो. थर्माकोल जागच्या जागी नाहीसा होतो, त्याची जागा लोखंड घेतं. नाहीसा होतो म्हणजे धूर होऊन वाळूतून वर येतो, आणि ओतताना आम्ही सगळे चार पावलं मागं सरायचो. उघड्या शेडमध्ये ही गत. बंबात किंवा चुलीत तेवढी उष्णता नसतेच, त्यामुळं थर्माकोल अर्धवट जळतो, काळी काजळी उडते, धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि स्टायरीन असे विषारी वायू असतात. शिवाय पेटते थेंब ठिबकतात. कातडीवर पडला तर तिथंच चिकटून भाजतो. आमच्या गल्लीत थंडीत सकाळी बंब पेटवायला थर्माकोलचा तुकडा टाकायची सवय अजून आहे. लवकर पेटतं हे खरं, पण बंबाचं धुराडं आतून कसं होतं ते एकदा बघा.

भंगारवाल्याचा राग मानू नका. पॅकिंगच्या थर्माकोलमध्ये शेकडा ९८ भाग हवा असते, प्लॅस्टिक फक्त दोन भाग. घनफूटभर तुकडा जेमतेम अर्धा किलो भरतो. त्याची गाडी शिगोशीग भरली तरी काट्यावर वजन दिसत नाही. 'हे नको की ओ' म्हणतो ते हिशोबानंच म्हणतो. थर्माकोल दाबून, वितळवून त्याच्या विटा करणारं यंत्र असतं, त्यापासून फोटोफ्रेमच्या पट्ट्या वगैरे होतात. पण असं यंत्र जवळपास असेल तरच त्याला तो माल परवडतो. (कन्नडात भंगाराला गुजरी म्हणतात. कोल्हापूरच्या पाहुण्यासमोर 'गुजरीत देऊन टाकू' असं सहज बोलून गेलो होतो. त्यांच्याकडं गुजरी म्हणजे सराफ बाजार. थर्माकोल सोनारांच्या गल्लीत कशाला न्यायचा, हे त्यांना कळेना.)

आता ढिगात काय काय आहे ते वेगळं करा, कारण सगळं थर्माकोल नसतं. नख रुतवलं की खूण राहते, वाकवलं की कट्‌कन मोडून साबुदाण्यासारखे दाणे सांडतात, तो थर्माकोल. टीव्हीच्या काचेवर असतो तो मऊ पांढरा पातळ फोम दुमडला तरी मोडत नाही. सफरचंदाला जी जाळी घालतात तीही त्याच जातीची. तो पॉलिथिलीनचा, आणि घरात जास्त उपयोगी तोच. तिसरा स्पंज, गादीतल्यासारखा. तो तुमच्याकडं बहुतेक नसेलच.

मऊ फोम फेकूच नका. आमच्या घरी गौरीचे मुखवटे वर्षभर त्यातच गुंडाळून ठेवतात. पूर्वी जुन्या लुगड्यात ठेवायचे, तरी नाकाचा रंग घासायचाच. काचेच्या बशांच्या मध्ये, तसबिरींच्या मागं, कपाटाच्या पायाखाली, बागेत गुडघे टेकायला, सगळीकडं चालतो.

थर्माकोलला दोनच कामं येतात. धक्का खाणं आणि उष्णता अडवणं. तीच त्याला पुन्हा द्या. त्याच्याकडून तिसरं काम करून घ्यायला गेलो की घोटाळा होतो, आणि हे मी स्वतः करून बघितलंय.

धक्क्याचं सोपं आहे. फ्रिजचे मोठे कोपरे आणि खोके, वस्तू बदलून मिळण्याची मुदत संपेपर्यंत तसेच ठेवा. भाड्याचं घर आहे, उद्या बदलायचं झालं तर ट्रकमध्ये टीव्हीला त्याच्या मापाच्या थर्माकोलसारखं दुसरं काही नाही. जागा नसेल तर काचेच्या दुकानात, कुरियरवाल्याकडं, मूर्तिकाराकडं विचारा. माझी मुलगी पुण्याला असते. तिला ट्रॅव्हल्सनं कुंदा आणि लोणच्याची बरणी पाठवतो तेव्हा मीच तुकडे शोधत फिरतो.

उष्णतेचं काम जास्त मजेचं. बेळगावच्या डिसेंबरात इडलीचं पीठ रात्रभर फुगत नाही ही घरोघरची तक्रार. मी फ्रिजच्या सपाट पाट्या कापून, कागदी चिकटपट्टीनं जोडून झाकणाचा डबा केला. पिठाचं पातेलं आत, शेजारी कोमट पाण्याची घट्ट बुचाची बाटली, झाकण लावायचं. सकाळी पीठ वर आलेलं असतं. विरजणही त्यातच लागतं. मात्र चुलीवरून उतरलेलं पातेलं थेट ठेवू नका. शंभर अंशांच्या आतच थर्माकोल मऊ पडायला लागतो आणि पातेल्याला चिकटतो. खाली लाकडी पाट ठेवायचा.

कापताना दाणे घरभर उडतात आणि कपड्यांना चिकटतात. पात्याला मेणबत्ती घासा, रेघेवर पाण्याचा हात फिरवा, लांब पात्यानं एका दिशेनं ओढा. सांडलेले दाणे झाडूनं पळतात, ओल्या फडक्यानं येतात.

आता घोटाळे. मिक्सर थर्माकोलमध्ये ठेवून वर्षभर माळ्यावर टाकला होता. काढला तर वायर थर्माकोलमध्ये रुतून बसलेली. वायरीच्या मऊ प्लॅस्टिकमधलं तेलासारखं द्रव्य थर्माकोलला विरघळवतं. रेक्झिनचंही तसंच. मध्ये कागद घालायचा. डांबरगोळ्याही थर्माकोलच्या डब्यात टाकू नका, त्या भोवती खड्डा पाडतात.

कुंडीचं म्हणाल तर मोठ्या कुंडीच्या तळाला तुकडे घातले की ती हलकी होते, एवढंच. पाण्याचा निचरा त्यानं सुधारत नाही. मी गच्चीवर दोन कुंड्यांत घातले होते. एकीत काळ्या मुंग्यांनी पोखरून घर केलं. दुसरीतलं जास्वंद बदलताना मुळं तुकड्यांत शिरलेली, आणि मातीत इतके दाणे मिसळले की ती माती कुठं टाकावी कळेना. भुगा करून मातीत तर कधीच नको. पावसाळ्यात सगळं नाल्याला जातं. बळ्ळारी नाला फुगला की शहापूर-वडगावच्या शिवारात पाणी शिरतं, मग हे दाणे कुणाच्या तरी भातात जाऊन बसणार.

पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळवून डिंक करतात, तोही आमच्या शेजारच्या काकांनी केला होता, पत्र्याची भोकं बुजवायला. मृगापूर्वी लावला, पावसाळा निघाला. उन्हाळ्यात उन्हानं ठिसूळ होऊन पापुद्रे निघाले. शिवाय बादलीभर पेट्रोल उघडं ठेवून ढवळत बसले होते आणि तोंडात विडी! तो प्रकार नकोच.

गणपतीच्या मखराचा विचार मनात असेल तर सोडा. गल्लीच्या मंडळासाठी गरम तारेनं महाल कापण्यात माझी कितीतरी वर्षं गेली, आवडीचं काम होतं. पण १ जुलै २०२२ पासून सजावटीसाठी थर्माकोल देशभर बंद आहे. आता आम्ही बांबू आणि कापडावर आलोय.

एवढं करूनही उरेल ते चुरू नका. मोठे तुकडेच पोत्यात घाला, तोंड बांधा आणि घंटागाडीला सुक्या कचऱ्यात द्या. ओल्या कचऱ्यात गेलं, खरकटं लागलं, की कुणी वेगळं काढत नाही. गाडीवाला कुरकुरला तर एकदम चार पोती देऊ नका, दोन-तीन आठवड्यांत विभागून द्या, मग घेतो. आणि गच्चीवरचा ढीग आजच आत घ्या. ऊन लागून पिवळा पडला की हाताला पीठ लागतं, आणि मग त्याचा डबाही होत नाही.