दोन सशांना पिंजरा केवढा? आधी ससा मोजा

म्हणजे परिस्थिती अशी: डोंबिवलीत वन बीएचके, मुलीच्या हट्टापायी दोन महिन्यांची दोन पिल्लं घरात आलीत, आणि दुकानदार अडीच बाय दीड फुटांचा पिंजरा गळ्यात मारतोय. वर सांगतोय, "ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जातीचे आहेत, एवढेच राहतात." तो घ्यावा, त्याच्याकडचा दुमजली घ्यावा, की सरळ बाल्कनीत सोय करावी, असं तुम्ही विचारलंय.

तिन्ही नको. का ते सांगते.

नऊ वर्षांपूर्वी मीही हेच वाक्य ऐकून अगदी याच मापाचा पिंजरा घरी आणला होता. संक्रांतीच्या आठवड्यात आणले म्हणून पांढऱ्याचं नाव तीळ, तपकिरीचं गूळ. सहा-सात महिन्यांत तीळ साडेतीन किलोंचा झाला. खरा नेदरलँड ड्वार्फ जेमतेम किलोभर भरतो. आपल्याकडे त्या नावाखाली मिळतात ती बरीचशी संकरित पिल्लं, आणि त्यांत न्यूझीलंड व्हाइटसारख्या चार-पाच किलोंच्या जातीचं रक्त असू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू बघून काहीच कळत नाही. तेव्हा माप घेताना पिल्लू विसरा, मोठा ससा धरून चाला.

त्या पिंजऱ्यात तीळ रात्रभर गज चावायचा. कर्र कर्र, कर्र कर्र. आम्ही म्हणायचो, दात शिवशिवत असतील. सशाचे दात आयुष्यभर वाढतात हे खरंच आहे, पण ते झिजतात गवत चघळून, लोखंड चावून नाही. तो कंटाळला होता, एवढंच. पुढे त्याच्या मागच्या टाचांवरचे केस गेले आणि लाल चट्टे पडले. डॉक्टरांनी पाय उचलून दाखवला. मांजराच्या पंजाखाली गाद्या असतात तशा सशाला नसतात, असतो तो फक्त केसांचा थर. तारेच्या जाळीवर चोवीस तास बसला की तो थर जातो आणि कातडी सोलते. दुकानातल्या पिंजऱ्याला खाली जाळी आणि तिच्याखाली ट्रे असतो तो साफसफाई सोपी व्हावी म्हणून. ती सोय आपली, सशाची नाही.

आता मापाचं. बसलेला ससा बघून पिंजरा ठरवला की फसगत ठरलेली, कारण बसलेला ससा म्हणजे नुसता गोळा. तीन गोष्टी बघायच्या. गार फरशीवर पाय मागे टाकून तो पूर्ण पसरतो तेव्हा केवढा होतो. मागच्या पायांवर उभा राहतो तेव्हा कान कुठवर जातात. आणि सलग तीन-चार उड्या मारल्या तर कुठे पोहोचतो. मी तीळच्या मागे शिवणाची टेप घेऊन फिरले होते, घरचे हसून बेजार. तीन उड्यांत त्याने पाच फुटांवर अंतर कापलं. म्हणजे लांबी सहा फुटांच्या आत आली की ससा उडी मारणंच सोडतो, एक ढांग टाकून वळतो. हे नुसतं मौजेचं नाही. त्याचा सांगाडा अंगाच्या मानाने फार हलका असतो आणि मागच्या पायांचे स्नायू जबरदस्त. कोंडून ठेवलेल्या सशाची हाडं ठिसूळ होतात, आणि मग घाबरून एकदा जोरात लाथ झाडली तरी कणा मोडू शकतो.

ब्रिटनमध्ये 'रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड' नावाची संस्था आहे. दोन सशांसाठी त्यांची शिफारस ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर उंच, आणि ही जागा त्यांना सतत मोकळी मिळायला हवी, दिवसातून तासभर नव्हे. आपल्या हिशेबात साधारण दहा बाय साडेसहा फूट. डोंबिवलीच्या हॉलमध्ये एवढं दिलं तर सोफा जिन्यात ठेवावा लागेल, हे मलाही कळतं. माझंही पुण्यातलं घर तेवढंच. म्हणून मी जे केलं ते सांगते, आणि ती तडजोड आहे हेही सांगून ठेवते: सहा बाय चार फुटांचं कायमचं आवार, शिवाय सकाळी-संध्याकाळी मिळून चार तास अख्खा हॉल. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हुंदडतात, दुपारी लोळतात. त्यामुळे ऑफिसच्या वेळांशी हे छान जुळतं.

आवार म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांसाठी घडीचं लोखंडी कुंपण मिळतं ते. बहुधा दोन-दोन फूट रुंदीच्या आठ चौकटी असतात. आठही लावून मधोमध चौकोन केलात तर चार बाय चार, सोळा चौरस फूट. तेच कुंपण खोलीच्या कोपऱ्याला लावा. दोन बाजूंना भिंत आयती मिळते, आणि सहा बाय चारला पाचच चौकटी लागतात. जागा चोवीस चौरस फूट, वर तीन चौकटी शिल्लक. त्या मी टीव्हीच्या वायरींपुढे आडव्या लावल्या. तोटा एवढाच की भिंतीचा रंग खरवडून खातात, म्हणून खाली फूटभर जाड पुठ्ठा बांधायचा आणि तो कुरतडला की बदलायचा. उंची तीन फूट घ्या. दोन फुटांवरून तरुण ससा हसतहसत पलीकडे जातो. तुमची पिल्लं लहान आहेत, डोकं घुसलं की अंगही घुसतं, म्हणून खालच्या फूटभर भागाला सध्या बारीक जाळी तारेने बांधा. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेणार असाल तर गजांची टोकं घासून घ्यायला सांगा.

दुमजलीचं गणित फसवं आहे. दीड फुटाचे दोन मजले मिळून तीन फूट धावता येत नाही. वर उतार घसरडा. मोठ्या आवारात एखादी रुंद, बुटकी पायरी ठेवा, त्यावर चढून टेहळणी करायला त्यांना आवडतं.

गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. जुनी सतरंजी अंथरा. सतरंजी खायला लागले तर मात्र काढून घ्या, धागे पोटात अडकतात. उन्हाळ्यात एक कोपरा उघडा ठेवून तिथे शहाबादी फरशीचा तुकडा टाका, ससे स्वतःहून जाऊन पसरतात. शू एकाच कोपऱ्यात करायची त्यांना उपजत सवय असते. त्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचं घमेलं, तळाला वर्तमानपत्र, वर वाळलं गवत. खाताखाता तिथेच सगळं उरकतात. मांजरांची गोळे होणारी माती वापरू नका, ती खाल्ली तर आतडं तुंबतं. घमेल्याला पांढरा थर बसतो तो व्हिनेगरने निघतो.

बाल्कनी का नको? सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते. पारा तिशीच्या पुढे गेला की त्याला धोका, आणि तुमच्याकडे मे महिन्यात दमट हवेची भर. शिवाय मांजर, घूस, कावळे. "रानातले ससे उन्हातच राहतात की" असं कुणीतरी म्हणेलच. माळावरचा आपला ससा आणि हा पाळीव ससा वेगळे प्राणी आहेत, मराठीत दोघांना एकच शब्द आहे इतकंच. माळावरचा बीळ खणत नाही, उघड्यावर पिल्लं घालतो, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळायला बंदी आहे. हा पाळीव मूळचा युरोपातला, गार बिळात दुपार काढणारा. म्हणून आवारात पुठ्ठ्याचं खोकं हवंच, दोन दारांचं. एक आत घुसला की दुसऱ्याला बाहेर पडता यावं.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. दोन्ही नर आहेत असं दुकानदाराने सांगितलं असेल, तर ते त्याच्या शब्दावर मानू नका. साडेतीन-चार महिन्यांत ते वयात येतात, आणि गूळ 'नर' असल्याचं आम्हाला सांगितलं होतं. तिने सहा पिल्लं घातली. गर्भ जेमतेम महिनाभराचा, आणि व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. मग कुठलंही आवार पुरत नाही. याच महिन्यात सशांची सवय असलेल्या डॉक्टरांकडून दोघांची खात्री करून घ्या, आणि उरलेल्या चौकटी तोवर मध्ये आडव्या टाकायची तयारी ठेवा. खरोखर दोन नर निघाले तरी खच्चीकरण न करता एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात.

पिंजरा घेऊन झाला असेल तर परत करायला धावू नका. दार काढा, तळाच्या जाळीवर लाकडी फळी टाका आणि आवाराच्या कोपऱ्यात ठेवा. झोपायला जातील. नाहीतर डॉक्टरकडे न्यायला उपयोगी पडेल.

सुरुवात आजच करायची तर हॉलच्या कोपऱ्यात खडूने सहा बाय चारची रेघ मारा आणि दोन दिवस ती न ओलांडता घरात वावरून बघा. फ्रिजचं दार उघडतं का, बाथरूमकडे जाता येतं का ते लगेच कळेल. आणि तोवर मोबाइलचे चार्जर जमिनीवरून उचला. माझे तीन गेले.