आरएन-आरएम असलेल्या सिस्टरने ब्रिटनमध्ये नोंदणी कशाची करावी: नर्सची की मिडवाइफची?

ताई, तुमची माहिती मी अशी समजले: 2016 मध्ये जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आरएन (नोंदणीकृत नर्स) आणि आरएम (नोंदणीकृत मिडवाइफ, म्हणजे प्रसाविका) अशी दोन्ही नोंद, साताऱ्यातील खासगी प्रसूतिगृहाच्या लेबर रूममध्ये आठ वर्षे, आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात 6 आणि उरलेल्या तिन्हींत 7 किंवा त्याहून अधिक. शिवाय एक एजंट 'थेट मिडवाइफची नोंदणी करून देतो' असे सांगून साडेचार लाख मागतो आहे. मी स्वतः कोल्हापुरात जीएनएम केले असून 2022 पासून इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयात काम करते. त्यामुळे जे अनुभवले आणि जे नियमांत आहे, तेवढेच लिहिते.

सर्वांत आधी आरएमविषयी, कारण तुमचा सगळा बेत त्याच दोन अक्षरांवर उभा आहे. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या नोंदवहीत नर्स आणि मिडवाइफ हे दोन वेगळे विभाग आहेत. दोन्हींसाठी अर्ज वेगळा आणि परीक्षाही वेगळी असते. आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगच्या पोटातच प्रसूतिशास्त्र शिकवले जाते आणि नोंदणी करताना आरएम आपोआप जोडले जाते. तिकडची मिडवाइफ मात्र गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात आणि बाळंतपणात स्वतःच प्रमुख असते. तपासणी, प्रसूती, टाके, बाळाची पहिली तपासणी आणि नंतरच्या घरभेटी ती स्वतःच्या जबाबदारीवर करते आणि काही बिघडले तरच डॉक्टरांना बोलावते. आपल्या लेबर रूममध्ये हात आपले असतात, पण निर्णय बहुतेक वेळा डॉक्टर मॅडमचा असतो, हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. तिथे नोंदणीकृत मिडवाइफ किंवा डॉक्टर यांच्याखेरीज कोणी बाळंतपण करणे, तातडीचा प्रसंग वगळता, कायद्याने गुन्हा आहे. इतक्या काटेकोर व्यवस्थेत केवळ प्रमाणपत्रावरील आरएमच्या जोरावर 'थेट' नोंदणी करून देण्याची हमी कोणताही एजंट देऊ शकत नाही. आपल्याकडेही स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रसाविका तयार व्हाव्यात म्हणून केंद्र सरकारने 2018 मध्ये नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा अठरा महिन्यांचा वेगळा अभ्यासक्रम आणला, यावरूनही हा फरक लक्षात येईल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की तुम्ही 'ॲडल्ट नर्स', म्हणजे प्रौढ रुग्णांची नर्स, म्हणून अर्ज करावा. तुमची आठ वर्षे त्यामुळे वाया जात नाहीत. तिथे काही काळ काम केल्यावर नोंदणीकृत ॲडल्ट नर्ससाठी असलेला मिडवाइफरीचा लघु अभ्यासक्रम करता येतो. मूळ तीन वर्षांऐवजी तो साधारण दोन वर्षांत होतो, आणि त्यात तुमचा लेबर रूमचा अनुभव पावलोपावली उपयोगी पडेल. एक गोष्ट इतर वाचणाऱ्यांसाठी: एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) झालेल्या भगिनींनी या मार्गाने नर्सची नोंदणी होईल असे धरून पैसे गुंतवू नयेत.

इंग्रजीची तुमची काळजी मात्र वाटते तितकी मोठी नाही. एनएमसीला ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत 7 आणि लेखनात 6.5 लागतात. हे गुण एकाच बैठकीत मिळायला हवेत असे नाही. बारा महिन्यांच्या आतील दोन परीक्षांचे गुण एकत्र धरले जातात, मात्र कोणत्याही बैठकीत लेखन 6 च्या आणि बाकीचे 6.5 च्या खाली गेलेले चालत नाही. तुम्ही नेमक्या या चौकटीत बसता. पुन्हा परीक्षा द्या, लेखनात 6.5 आणा आणि उरलेली तिन्ही 6.5 च्या खाली जाऊ देऊ नका. निबंधाऐवजी रुग्णाविषयीचे पत्र लिहिणे सोपे जात असेल तर ओईटी या आरोग्यसेवेतील लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचा पर्यायही आहे. त्यात लेखनाला सी प्लस आणि बाकी तिन्हींना बी लागतो. ड्यूटीवर रोज हँडओव्हर लिहिणाऱ्या सिस्टरला ओईटीचे लेखन अधिक ओळखीचे वाटते, असे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

आता कागदपत्रे, ज्यांत मराठी मुलींचे सर्वाधिक महिने जातात. दहावीच्या आणि जीएनएमच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, मध्ये वडिलांचे नाव. पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि मध्ये पतीचे नाव. कौन्सिलच्या नोंदीत यांपैकी एक, तेही कधी वेगळ्या स्पेलिंगने. आपल्याला यात काहीच वावगे वाटत नाही, पण तिकडे कागद तपासणाऱ्यासाठी या तीन वेगळ्या व्यक्ती असतात. अर्ज भरण्याआधीच विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, गरज असल्यास राजपत्रातील नावबदल आणि कौन्सिलच्या नोंदीतील दुरुस्ती, हे याच क्रमाने उरकून घ्या. कौन्सिलचे पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण राहून गेले असेल तर तेही करून घ्या, कारण तुमच्या नोंदणीची पडताळणी कौन्सिलकडूनच मागवली जाते आणि थकलेल्या नोंदीवर ती अडकते. माझे शिक्षण झालेल्या संस्थेने माझ्या जुन्या नोंदी शोधायला चार महिने लावले. तुम्ही आजच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, मात्र तो फार आधी काढून ठेवू नका.

पुढे दोन परीक्षा आहेत. सीबीटी संगणकावर असते आणि ती भारतातूनच देता येते. औषधांच्या मात्रांच्या गणिताचे 15 प्रश्न अर्ध्या तासात आणि नर्सिंगचे 100 प्रश्न अडीच तासांत सोडवायचे असतात. 'पेपर फोडून देतो' किंवा 'तुमच्या जागी बसवतो' म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा. 2023 मध्ये नायजेरियातील इबादान येथील एका केंद्रातील निकाल संशयास्पद ठरले, तेव्हा तिथे परीक्षा दिलेल्या शेकडो जणांची चौकशी झाली.

दुसरी परीक्षा ऑस्की, म्हणजे कृती प्रत्यक्ष करून दाखवण्याची. ती ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावी लागते आणि तिच्यात दहा स्टेशने, म्हणजे एकेक काम करून दाखवायचे टप्पे, असतात. मी पहिल्या वेळी एका स्टेशनवर नापास झाले. मनगटावरील पट्टीशी रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख पडताळली, औषधही बरोबर निवडले, पण ॲलर्जी विचारली नाही. आपल्या वॉर्डात ती केस पेपरवर लिहिलेली असते आणि आपण मनातल्या मनात पाहून पुढे जातो. तिथे जे मोठ्याने विचारले नाही ते केले नाही असेच धरतात. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करायचे नाहीत. प्रत्येक कृती बोलून दाखवण्याची सवय आत्तापासून लावा. एका अर्जावर तीन प्रयत्न मिळतात. तिन्ही हुकले तर सहा महिने थांबून नवा अर्ज करावा लागतो.

खर्चाचा हिशेब आता पाहा. एनएमसीच्या बाजूने पात्रता तपासणीला 140 पौंड, सीबीटीला 83, ऑस्कीला 794 आणि नोंदणीला 153, म्हणजे सगळे मिळून 1,170 पौंड होतात. भरण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर चालू दर पाहून घ्या. ऑस्कीचे शुल्क, विमानभाडे आणि व्हिसाचा खर्च पुष्कळ सरकारी रुग्णालये स्वतः करतात. ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत मागण्याची अट करारात असते, ती नीट वाचून मगच सही करा. नोकरी मिळवून दिल्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणे ब्रिटनच्या आचारसंहितेला मान्य नाही. आपल्याकडेही 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. साडेचार लाख कशाचे, हे त्यांना लेखी विचारा. माझ्या मते त्यांना एक रुपयाही देऊ नका.

नोकरी लागल्यावर हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर जाता येते. रुजू झाल्यापासून तीन महिन्यांत पहिली ऑस्की द्यावी लागते आणि आठ महिन्यांत नोंदणी पूर्ण व्हावी लागते. तोवर पगार बँड 3 या खालच्या वेतनश्रेणीचा असतो आणि पिन, म्हणजे एनएमसीचा नोंदणी क्रमांक, आल्यावर बँड 5 चा होतो. अलीकडे परदेशातून होणारी भरती बरीच कमी झाली आहे, म्हणून हातातली नोकरी सोडून तयारी करू नका. लेखनाची परीक्षा, नावाची दुरुस्ती आणि सीबीटी ही तिन्ही कामे साताऱ्यात ड्यूटी करतानाच होण्यासारखी आहेत. कौन्सिलच्या नोंदीवर आणि पासपोर्टवर तुमचे नाव नेमके कसे आहे ते इथे कळवा, मात्र खरे नाव न लिहिता फक्त माहेरचे की सासरचे एवढेच सांगा. त्यावरून राजपत्राची गरज आहे की विवाह प्रमाणपत्रावर भागेल, ते मी सांगेन.