वाचकांचे प्रश्न: कॉमिक्सच्या कामाला सुरुवात

प्रश्न: चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत 'अ' श्रेणी आहे. सुपरहिरो चांगले काढतो, पण प्रकाशकांना चित्रं पाठवली तर उत्तर येत नाही. काही चित्रं सोबत जोडली आहेत. काय कमी पडतंय? – एक वाचक, सातपूर

उत्तर: हात चांगला आहे. पण तुमची सगळी चित्रं सुटी आहेत: नायक उभा, मागे धूर. संपादकाला पाहायचं असतं ते वेगळंच. तिसऱ्या चौकटीत पाठमोरा असलेला माणूस सहाव्या चौकटीत वरून दिसला, तरी तो तोच आहे हे कळतं का? त्यामुळे सलग सहा पानांची एक गोष्ट काढा आणि तीच पाठवा.

गोष्ट साधी घ्या. नाशिकच्या जुन्या सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) मुलगी बसमध्ये पिशवी विसरते, बस सुटते, ती रिक्षाने मागे लागते. यात गर्दी, वाहनं, घाई, चेहऱ्यावरचे बदल सगळं येतं आणि पिळदार दंडांमागे लपता येत नाही.

आधी प्रत्येक पानाचे आगपेटीएवढे तीन कच्चे आराखडे करा. पानाला पाच-सहा चौकटी पुरेत. प्रसंग नव्या जागी गेला की एक चौकट लांबून दाखवा. ती नसेल तर पात्रं कुठे उभी आहेत हेच वाचकाला कळत नाही. बोलणं सुरू असताना मुलगी डावीकडे, कंडक्टर उजवीकडे असेल, तर मध्येच बाजू बदलू नका. आणि जो आधी बोलतो तो शक्यतो डावीकडे, कारण आपण डावीकडून वाचतो.

मग ए-थ्री आकाराच्या, 200 जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला 200 ग्रॅम) जाड, गुळगुळीत कागदावर 2एच पेन्सिलने हलकं काढा आणि त्यावर शाईने रेघ ओढा. पातळ कागदावर शाई फुटते. शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर लावू नका. छापील पान ए-फोर असेल, तर तुमची रेघ सुमारे 71 टक्क्यांवर येते. दाट आडव्या-उभ्या रेषा मारून केलेली छाया तेव्हा एकमेकींना चिकटून काळा डाग होते. मोबाइलने फोटो काढू नका, कागद करडा येतो आणि कडा वाकड्या होतात. काळी रेघ 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, रंगीत पान 300 ला. चित्र कडेपर्यंत न्यायचं असेल तर कापणीसाठी चारही बाजूंना 3 मिलिमीटर जास्त रंगवा.

सरावाला नाशिकसारखी जागा शोधून सापडणार नाही. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात वही घेऊन बसा आणि दोन-दोन मिनिटांत माणसं काढा: भाजी तोलणारा हात, पोतं उचलताना वाकलेली पाठ. परिप्रेक्ष्यासाठी, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवण्याच्या सरावासाठी, सराफ बाजाराकडच्या जुन्या वाड्यांच्या गल्ल्या घ्या.

कामासाठी फक्त कॉमिक्सच्या प्रकाशकांकडे पाहू नका. मुलांची मासिकं, दिवाळी अंक (त्यांची आखणी पावसाळ्यातच होते, ऑक्टोबरात विचारून उपयोग नाही), जाहिरात संस्थांचे स्टोरीबोर्ड (चित्रीकरणाआधी काढलेली दृश्यांची चित्रं), आरोग्य किंवा शेतीवरच्या माहितीपुस्तिका, सगळीकडे हेच कसब लागतं. पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं ही कामं अनेकदा वेगवेगळी माणसं करतात. नवख्याला रंग किंवा अक्षरांतून शिरणं सोपं जातं. ते काम कमी प्रतीचं मानू नका.

प्रश्न: फुग्यातला मजकूर छापून आल्यावर कोंबल्यासारखा दिसतो, कधी जोडाक्षरंही फुटतात. – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: तुम्ही बहुधा इंग्रजी कॉमिक्सच्या मापाने फुगे काढताय. आपल्या ओळीला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असतो. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ठेवा. आधी मजकूर मांडा, त्याभोवती फुगा काढा. पंधरा-वीस शब्दांपुढे गेलात तर फुगा तोडून दोन करा. युनिकोडमधले 'कलम' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत आहेत आणि या कामाला शोभतात. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटली तर टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू आहे का ते बघा.

प्रश्न: एका अंकाने आठ पानं मागितली आहेत. "सगळे हक्क आमचे," असं फोनवर म्हणाले. चालेल का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर: तोंडी चालत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 नुसार हक्क हस्तांतरित करायचे तर सही केलेला लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पैसे घेऊन काढून दिलेल्या चित्राचा मालक कोण, यावरून पुढे वाद होऊ शकतो, म्हणून कागद पेन्सिल उचलण्याआधी करा. "या अंकात एकदा छापण्याचा हक्क" एवढंच द्या. पुस्तक किंवा अॅनिमेशनचे वेगळे पैसे. एक तृतीयांश रक्कम आधी, एक तृतीयांश पेन्सिल मंजूर झाल्यावर, बाकी अंतिम फाइल देताना घ्या. दुरुस्त्या पेन्सिलच्या टप्प्यावर दोनदा मोफत, शाईनंतर पैसे घेऊन. तुमचं नाव छापायचं आणि मूळ पानं तुम्हाला परत मिळायची, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.